चुळबुळीचं माप

माझ्या वहिनीला स्वस्थ बसता येत नाही. ही तक्रार नाही, माहिती आहे. जेवताना ती एकदा मीठ आणायला उठते, एकदा पाणी आणायला, आणि एकदा उठल्यावर आपण कशासाठी उठलो ते आठवत उभी राहते. टीव्ही ती उभ्यानेच बघते. फोनवर बोलता बोलता जिना उतरून रस्त्यावर जाते आणि बोलणं संपलं की घरातल्या चपलांवर आपण इथे कशा आलो, म्हणून स्वतःवरच चिडते. माझा मोठा भाऊ लांब पल्ल्याची बस चालवतो. तो घरी आला की खुर्चीत बसतो तो जेवायची हाक येईपर्यंत उठत नाही. एकाने बसायचं आणि एकीने फिरायचं, अशी वाटणी त्यांनी लग्नानंतर लगेचच करून टाकली असावी. त्यांची भांडणं होत नाहीत, कारण भांडायला दोघं एका जागी सापडावी लागतात.

अशा या बाईला लहान मुलांची चुळबूळ मोजायचं काम मिळालं तेव्हा मी पोट धरून हसलो. वहिनी शांतपणे म्हणाली, "हसा भाऊजी, हसून घ्या. निम्मं काम तुमच्याच गळ्यात पडणार आहे." आणि ते पडलंच.

आमचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. वहिनी कॅमेरा चालवते, मी दुकानाच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर एडिटिंग करतो. ती माणसात, मी अंधारात. मी मुळात चिडका, गिऱ्हाइकाशी माझं पटत नाही, म्हणून ही व्यवस्था दोघांच्याही सोयीची. वहिनीचा हातखंडा म्हणजे रडणारा चेहरा. मुलगी गाडीत बसून निघते, तिची आई दारात उभी असते आणि ओठ नुसता थरथरायला लागतो, तेवढ्यात वहिनीचा झूम तिथे पोचलेला असतो. "भाऊजी, रडू फुटायच्या आधी पोचावं लागतं. फुटल्यावर कुणीही पोचतो," असं ती मला सुनावते. याच जागी घरातले सगळे डोळे पुसतात आणि याच जागेमुळे आम्हाला पुढचं लग्न मिळतं. हे काम करताना ती गर्दीतून अशी सुळसुळत फिरते की तिच्या पायाला भिंगरी आहे की काय असं वाटावं. ज्या चुळबुळीबद्दल तिने लहानपणी बोलणी खाल्ली, त्याच चुळबुळीवर आमचं घर चालतं.

डॉक्टरबाईंची ओळख अशीच एका लग्नात झाली. त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. पुढे एकदा त्या दुकानात आल्या आणि काउंटरपाशी उभ्या राहून त्यांनी आपली अडचण सांगितली. त्या मुलांच्या मनाच्या डॉक्टर. काही मुलांना एका जागी बसताच येत नाही. तो खोडकरपणा नसतो, हट्ट नसतो, लाडावलेपणही नसतो. त्यांच्या शरीराला थांबणं जमत नाही. पण हे ठरवायचं कसं? आईला विचारलं तर ती म्हणते मूल फार चळवळं आहे. बापाला विचारलं तर तो म्हणतो आम्हीही असेच होतो. शिक्षिकेला विचारलं तर ती कपाळाला हात लावते. मूल एकच. जो तो आपल्या सहनशक्तीच्या पट्टीने मोजतो. तापासाठी थर्मामीटर आहे, वजनासाठी काटा आहे, मग चुळबुळीसाठी का नसावं, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं होतं.

त्यांच्या ओळखीच्या एका इंजिनिअरने प्रोग्रॅम बनवून दिला होता आणि तो मला ऐकताक्षणी आवडला. व्हिडिओ म्हणजे तरी काय, भराभर बदलणारी चित्रं. एका चित्रातून पुढचं चित्र वजा करायचं. जे जागचं हललं नाही ते वजा होऊन काळं पडतं. जे हललं ते पांढऱ्या ठिपक्यांत शिल्लक राहतं. ठिपके मोजले की चुळबूळ मोजली. मूल डॉक्टरांच्या खोलीत नेहमीसारखं बसेल, डॉक्टर चौकटीबाहेर बसून आईशी बोलतील आणि कोपऱ्यातला कॅमेरा कुणाचीही बाजू न घेता बघत राहील. आईबापांना आधी सगळं समजावून त्यांची परवानगी घेतलेली असेल. शूटिंग वहिनी करेल, वजाबाकी माझा कॉम्प्युटर.

वहिनीला हे ऐकून चेव चढला. मला मात्र पहिल्याच दिवशी दरदरून घाम फुटला, कारण खोलीतल्या रिकाम्या खुर्चीची चुळबूळ एखाद्या धावत्या मुलाएवढी आली. शोधून बघितलं तर पंख्याची सावली भिंतीवर फिरत होती. पंखा बंद केला तर पडदा हलत होता. पडदा चिकटवला तर ढग आल्यावर कॅमेरा आपणहून उजेड वाढवत होता, त्याबरोबर सगळं चित्र बदलायचं आणि खुर्चीने टुणकन उडी मारल्याची नोंद व्हायची. एकेक भूत आम्ही खोलीबाहेर काढलं. शेवटचं भूत म्हणजे स्वतः वहिनी. पहिलं मूल आलं, गोड हसलं आणि वहिनीचा हात सवयीने झूमवर गेला. त्या गोड हसण्याची चुळबूळ वादळाएवढी निघाली.

डॉक्टरबाईंनी तिला समजावून सांगितलं की कॅमेरा एकदा लावला की केसभरही हलवायचा नाही. वहिनीच्या आयुष्यात कॅमेऱ्याबद्दल असं भयंकर काही तिला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या सामानाच्या खोलीत आम्ही दोघं छोट्या पडद्यासमोर बसायचो, कॅमेऱ्याचा रिमोट टेबलावर असायचा आणि वहिनीचे हात शिवशिवायचे. मग तिने उपाय शोधला. चित्रीकरण सुरू झालं की ती दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसायची. खालून पाय हलत राहायचे, पण ते कॅमेऱ्यात येत नव्हते.

त्या खोलीत आलेल्या मुलांना वहिनी आपल्या मनाने नावं द्यायची. त्यातली भिंगरी पहिल्या दिवसापासून तिची लाडकी. सात-आठ वर्षांची मुलगी, गुडघ्यांवर जुन्या-नव्या खरचटण्यांची गर्दी. आल्या आल्या ती खुर्चीवर उलटी बसली, मग खुर्चीखाली गेली, मग टेबलाखाली. डॉक्टरबाईंचे खण उघडून झाले, स्टेपलर वाजवून झाला, वजनकाट्यावर नाच झाला. तिची आई खुर्चीत मागे टेकून बसली होती. तिने एकदाही मुलीला हाक मारली नाही, इतकी ती थकलेली होती. अर्धी अर्धी वाक्यं बोलायची आणि सोडून द्यायची. सासरचे म्हणत होते की हिनेच मुलीला डोक्यावर बसवलं. शाळा म्हणत होती की घरी वळण नाही. नवरा काही म्हणत नव्हता, तेच तिला जास्त लागत होतं.

त्या दिवशी भिंगरीचा आकडा तोवरच्या सगळ्या मुलांत मोठा आला. डॉक्टरबाईंनी तो सांगितला तेव्हा मला वाटलं आता ही बाई कोसळणार. उलट ती सरळ होऊन बसली. "म्हणजे खरंच आहे ना?" तिने विचारलं. "मी उगाच सांगत नव्हते ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या, खरंच आहे आणि यात तुमची काही चूक नाही. भिंतीपलीकडे वहिनीने मांडीखालचा हात काढून डोळे पुसले. मीही पुसले असते, पण मला प्रोग्रॅम बंद करायचा होता.

औषध सुरू झालं. त्याबरोबर आईसाठी थोडं शिक्षण: सूचना एका वेळी एकच द्यायची, ओरडायचं नाही, बसलेलं दिसलं की लगेच कौतुक करायचं. काही महिने गेले. आणि मग शाळेने कात्रीत धरलं. मुख्याध्यापिकांनी सांगितलं की नवीन वर्ग सुरू व्हायच्या आत फरक पडल्याचं डॉक्टरांनी कळवलं तर ठीक, नाहीतर मुलीला आमच्याकडे ठेवता येणार नाही. दुसरी शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती. भिंगरीची एकुलती एक मैत्रीण या शाळेत होती. इतक्या खटपटीनंतर मिळालेली ती एकच.

डॉक्टरबाईंनी ठरवलं की पुन्हा मोजायचं. आकडा उतरला असेल तर शाळेला ठणकावून सांगता येईल. उतरला नसेल तर हे औषध थांबवून दुसरं सुरू करावं लागेल, त्याचा गुण यायला पुन्हा काही महिने जातील, आणि तेवढं शाळा थांबणार नव्हती. म्हणजे सगळं त्या एका चित्रीकरणावर येऊन ठेपलं.

दुसऱ्यांदा भिंगरी आली ती दारातच वहिनीला ओळखून हसली. आत जाऊन खुर्चीवर बसली. मी पडद्यावर बघत होतो, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष ठिपके मोजणाऱ्या मीटरवर होतं. वजाबाकी संपली आणि आकडा आला. पहिल्या दिवसाएवढाच. किंबहुना थोडा वरच.

डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी आईला परवा यायला सांगितलं. आईने मुलीची पिशवी उचलली आणि मुलीच्या केसातली क्लिप काढून पुन्हा लावत लावत बाहेर पडली. ती गेल्यावर डॉक्टरबाई आमच्या खोलीत आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. आपल्याला तर मुलगी बरी बसल्यासारखी वाटली होती, असं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण डोळ्यांवर विसंबायचं नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप केला. आता आकडा आवडला नाही म्हणून डोळ्यांकडे कशी वळू?"

त्या दिवशी वहिनी घरी बसून जेवली. एकदाही उठली नाही. भाऊ घाबरला. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं की हिला बरं नाही का.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात मी एका लग्नाचं एडिटिंग करत होतो. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. तासन्‌तासांचं शूटिंग साध्या वेगाने बघायला कुणाला वेळ असतो? आम्ही ते पळवत बघतो आणि त्या पळवण्यात माणसांचा खरा स्वभाव दिसतो. कुठलंही लग्न पळवून बघा. नवरा-नवरी बाहुल्यांसारखे जागेवर असतात आणि त्यांच्या भोवती आत्या, माम्या, काकवा घोंघावत असतात. कुणी पदर सारखा करतंय, कुणी केस, कुणी हार. सगळी धावपळ त्यांची. मी ते पळवत होतो, वहिनी मागे उभी राहून बघत होती, आणि एकदम तिने माझा खांदा धरला.

"भाऊजी, भिंगरीचं कालचं लावा," ती म्हणाली. "असंच. पळवत."

मी लावलं. आणि माझे डोळे पांढरे झाले. भिंगरी खुर्चीत बसलेली होती. पाय हलत होते, मान इकडे तिकडे होत होती, एकदा ती उठून परत बसली, पण ती खुर्चीत होती! आणि तिच्या बाजूला तिची आई. आईचा हात मुलीच्या केसांत, आईचा हात मुलीच्या कॉलरवर, खांद्यावर, गुडघ्यावर, पिशवीवर, परत केसांत. दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखा तो हात येत होता आणि जात होता. स्वतःच्या खुर्चीत ती पुढे सरकत होती, मागे सरकत होती, पाय बदलत होती. हलत होती ती आई. मुलगी नव्हे.

वहिनी अशी किंचाळली की दुकानाच्या पुढच्या भागात फोटोफ्रेम बघत असलेलं गिऱ्हाईक आत डोकावलं. काय फुटलं, असं विचारू लागलं. "माझं डोकं!" वहिनी त्याला म्हणाली. मग मला म्हणाली की डोकं तिचंच फुटायला हवं होतं, कारण चौकट तिने लावली होती. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, मूल डोक्यापासून पायापर्यंत दिसलं पाहिजे. वहिनीने मूल घेतलं आणि सवयीने शेजारची आईही घेतली. लग्नात कुणी एकट्या मुलीचं शूटिंग करतं का? आईशिवाय लेकरू पडद्यावर पोरकं दिसतं. प्रोग्रॅमला कुठे ठाऊक की यातली मुलगी कोण आणि आई कोण. हलेल त्याचे ठिपके मोजायचे, एवढंच त्याला कळत होतं. बाकीच्या मुलांच्या आया गप्प बसायच्या, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. डॉक्टरबाई बोलण्यात गुंतलेल्या, मी मीटरमध्ये, आणि वहिनी स्वतःच्या हातांवर बसलेली.

आता नुसती ओरड करून भागणार नव्हतं. आईला वजा करून पुन्हा मोजायचं होतं. कालच्या चित्रीकरणात ते सोपं होतं, मुलगी एका बाजूला आणि आई दुसऱ्या. पण पहिल्या दिवशी भिंगरी सगळ्या खोलीभर फिरलेली, आईच्या पुढून, मागून, खालून. तिथे आईला चित्राचित्रातून झाकत न्यावं लागणार होतं. वहिनी धीर गळाल्यासारखी माझ्याकडे बघू लागली आणि मला, कधी नव्हे ते, हसू आलं. लग्नाच्या व्हिडिओतून नको असलेला नातेवाईक गायब करण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. कुणाचं कुणाशी वाजलं की ते आमच्याकडेच येतात, अमक्या काकाला काढा म्हणून. मी आजवर डझनावारी काका काढले आहेत. एक आई काय अवघड होती!

दिवसभर दुकान वहिनीने सांभाळलं आणि दर थोड्या वेळाने मागे येऊन माझ्या खांद्यावरून बघितलं. मी तिला तीनदा हाकललं. चौथ्यांदा ती चहा घेऊन आली, म्हणून राहू दिलं. संध्याकाळी वजाबाकी लावली. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. वहिनी खोलीत येरझारा घालत होती, आणि मीही उठून उभा राहिलो होतो. माझ्या आयुष्यात इतक्या आतुरतेने मी कुठल्या आकड्याची वाट बघितलेली नाही, दहावीच्या निकालाचीसुद्धा नाही.

आकडा आला. भिंगरीची चुळबूळ तिच्या पहिल्या दिवसाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शावर आली होती.

वहिनीने माझ्या पाठीत अशी थाप मारली की चष्मा कीबोर्डवर पडला. मग तिने आईचं वेगळं मोजायला लावलं. पहिल्या दिवशी जवळजवळ शून्य. काल, विचारूच नका. पहिल्या दिवशी त्या बाईने हात टेकले होते, म्हणून ते स्थिर होते. काल शाळेची टांगती तलवार होती. जितकी भीती, तितके हात चालत होते. मुलगी थोडी सावरली होती आणि ते आईच्या गावीही नव्हतं.

दवाखाना बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. वहिनी पुढे आणि कॉम्प्युटरची बॅग सांभाळत धापा टाकत मी मागे, अशी आमची वरात रस्त्यावरून निघाली. डॉक्टरबाई दिवे बंद करत होत्या. वहिनीने आत शिरता शिरताच सांगून टाकलं की चूक तिची आहे, आणि मग एका दमात सगळं सांगितलं: लग्न, आत्या, पोरकं लेकरू, केसांतला हात. डॉक्टरबाईंना त्यातलं काहीही कळलं नाही. मी कॉम्प्युटर उघडून दाखवलं. त्यांनी ते एकदा बघितलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि मग मोठ्याने हसल्या. इतके महिने मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मूल पूर्ण दिसू दे, असं मी सांगितलं. फक्त मूल दिसू दे, असं सांगायचं राहून गेलं." वहिनीला एकटीला दोषी व्हायचं होतं, ते काही त्यांनी होऊ दिलं नाही. पण पुढचं वाक्य माझ्यासाठी होतं. आजवरची सगळी चित्रीकरणं आया वजा करून पुन्हा मोजावी लागणार होती. माझा आनंद जरा ओसरला.

तिसऱ्या दिवशी भिंगरी आणि तिची आई आली. आई काळवंडली होती, निकाल ऐकायला आलेल्या माणसासारखी दाराजवळच्या खुर्चीवर टेकली. हे सगळं तिला कसं सांगायचं याचा डॉक्टरबाई विचार करत होत्या, पण वहिनीला विचार करणं माहीत नाही. ती सरळ तिच्या शेजारी जाऊन बसली. म्हणाली, "ताई, माझ्या हातून एक चूक झाली. त्या चुकीत तुमची मुलगी अडकली होती. तुम्ही स्वतःच बघा."

मी साध्या वेगाने लावलं. पळवलं असतं तर ती चेष्टा झाली असती, तेवढी अक्कल मला होती. आधी आईचा भाग झाकून दाखवला. पडद्यावर एकटी भिंगरी, खुर्चीत. आई पुढे वाकली. तिने मागे वळून खऱ्या भिंगरीकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. "ही इतका वेळ बसली होती?" ती म्हणाली. "मी शेजारीच होते. मला दिसलं कसं नाही?"

डॉक्टरबाईंनी तिला आकडे सांगितले आणि शाळेला त्या आजच फोन करणार असल्याचंही सांगितलं. मुलगी त्याच शाळेत, मैत्रिणीजवळ राहील, याची खात्री त्यांच्या आवाजात होती. भिंगरीला आकड्यातलं काही कळलं नाही, पण आपल्या बाजूने काहीतरी चांगलं घडलंय एवढं कळलं आणि तिने खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही पाय हवेत सोडले. आईचा हात लगेच तिच्या गुडघ्यावर गेला. तो हात अर्ध्यात थांबला. आईने त्या हाताकडे बघितलं आणि झाकलेला भागही दाखवा म्हणाली.

वहिनीने माझ्याकडे बघितलं, मी डॉक्टरबाईंकडे. त्यांनी मान हलवली. मी झाकण काढलं. आईने स्वतःचे हात बघितले. मग ती बोलायला लागली आणि पहिल्यांदाच तिची वाक्यं पूर्ण होत होती. लहानपणी तिला स्वतःला शाळेत बाकाला बांधून ठेवायचे. तिच्याच ओढणीने. घरी पट्टीचा मार असायचा. बसायचं कसं ते तिला माराने शिकवलं, आणि ती बसायला शिकली, पण सगळं अंग आवरून. आवरायला विसरलं की अजून हात चालतात. आपण वाईट मुलगी होतो असंच तिने धरलं होतं आणि म्हणून आपल्या पोटी अशी मुलगी आली, असंही.

भिंगरी खुर्चीवरून उतरली आणि म्हणाली, "आई, आता तू बस. मी त्या काकांच्या खोलीतून बघते."

आई हसून नको म्हणाली, मग खरंच जाऊन बसली. डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं की हे माप मुलांसाठी बनवलेलं आहे, मोठ्या माणसाबद्दल यावरून काही ठरवता येत नाही, तुम्हाला नीट तपासून घ्यायचं असेल तर वेगळी वेळ देईन. आईने मान डोलावली. वहिनीने कॅमेरा लावला. यावेळी चौकटीत एकच खुर्ची आणि एकच बाई. सामानाच्या खोलीत भिंगरी माझ्या आणि वहिनीच्या मध्ये पडद्याला नाक लावून उभी राहिली. डॉक्टरबाई आईशी इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. आईने काही आवरलं नाही. हात चालले, पाय चालले, ती खुर्चीत वळली, बोटांची घडी घातली आणि सोडली.

आकडा आला तो मी भिंतीपलीकडे ओरडून सांगितला. भिंगरीच्या पहिल्या दिवसाच्या फार मागे नव्हता.

पडद्यावर आई म्हणाली, "म्हणजे मी वाईट नव्हते." डॉक्टरबाईंना नाही, आम्हालाही नाही, स्वतःलाच म्हणाली. आणि तिचा ओठ थरथरायला लागला.

वहिनीचा हात मांडीखालून निघाला आणि रिमोटवर गेला. मी तिच्याकडे बघत होतो. आजवर असा एकही चेहरा तिने सोडलेला नाही. तिचं बोट झूमच्या बटणावर टेकलं, थोडा वेळ तिथेच राहिलं, आणि मग तिने कॅमेरा बंद केला. पडदा काळा झाला तशी भिंगरी आईकडे पळाली.